काढलं किती, उगवलं काय

मेळघाटात रायमुनिया काढण्याचं काम दर पावसाळ्यात कुठे ना कुठे चालू असतं. पश्चिम महाराष्ट्रात हिलाच घाणेरी किंवा टणटणी म्हणतात. शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा. माझं काम ती काढण्याचं नाही. काढून झाल्यावर त्या जागेचं काय होतं ते बघत राहणं, मोजत राहणं, हे माझं काम. सप्टेंबरअखेरचा, गवत फुलोऱ्यावर असतानाचा हा एक दिवस.

पहाटे ५.००

चूल काकांनी आधीच पेटवलेली असते. काका म्हणजे आमचे वाटाडे, कोरकू, साठीच्या पुढचे. संरक्षण कुटीत सध्या पाच माणसं आहेत: बीटचा वनरक्षक, त्याच्या जोडीचा वनमजूर, एम.एस्सी. करणारा माझा विद्यार्थी, काका आणि मी. चहा काळा, गूळ घातलेला.

रात्री पावसाची सर येऊन गेली, त्यामुळे आजचा क्रम बदलतो. ओलं गवत आडवं पडतं आणि आडवं गवत उभ्या गवतापेक्षा जास्त जमीन झाकतं. कोणत्या वनस्पतीने किती टक्के जमीन झाकली आहे, हेच आमचं मुख्य मोजमाप. तेव्हा पाणी निथळेपर्यंत चौकट टाकायची नाही. सकाळचा वेळ चालण्यात आणि खुणा शोधण्यात घालवायचा असं ठरतं.

पिशवीत काय काय जातं? पीव्हीसी नळीची घडीची चौकट, एक मीटर बाय एक मीटरची. लांब टेप, जीपीएस, भिंग. छापील नोंदतक्ते आणि शिसपेन्सिल, कारण पेनाची शाई पावसात पसरते. मातीसाठी कापडी पिशव्या, वनस्पती दाबायला जुनी वर्तमानपत्रं. आणि डबा: ज्वारीची भाकर, बेसन, ठेचा.

५.४५

निघण्याआधी सगळ्यांनी बूट घासायचे. विद्यार्थ्याला सुरुवातीला हे सोवळ्याओवळ्यासारखं वाटायचं. पण कालच्या जागेतलं बी आजच्या जागेत जाता कामा नये. तळव्याच्या खाचांतली माती, बुटाच्या नाडीत अडकलेलं रानतुळशीचं बी, मोज्यांत घुसलेली कुसळं हे सगळं कागदावर झाडायचं आणि चुलीत टाकायचं.

परकं तण स्वतःच्या पायांनी फार लांब जात नाही; त्याला कोणीतरी नेतं. गाडीच्या चाकांना लागलेला चिखल नेतो, रस्त्यासाठी आणलेला मुरूम नेतो, गुरांच्या पोटातून जातं, चाऱ्याच्या पेंढीतून जातं. पुण्यात १९५५ मध्ये पहिल्यांदा नोंदवलेलं गाजरगवत आज देशभरातल्या रस्त्यांच्या कडेने उभं आहे. संशोधकाचे बूटही या वाहनांतलेच एक.

६.१५

उजाडलं. पुढे वनरक्षक, मागे काका, मध्ये आम्ही. साग दोन्ही बाजूंना. पानं अजून हिरवी आणि पावसाळ्यातल्या किड्यांनी चाळणी केलेली. पायवाट थोड्याच वेळात रायमुनियात शिरते. दोन्हीकडून माणसाच्या डोक्यावर जाणारी झुडपं, वर एकमेकांत गुंतलेली. आत अंधार आणि तो उग्र वास. खाली बघितलं तर जमीन जवळपास उघडी: थोडा पाचोळा, एखादं मलूल रोप. गवत शोधूनही सापडत नाही.

काका थांबतात. "मॅडम, इथून नका जाऊ. आधी मले जाऊ द्या." कारण अस्वल. दिवसा सावलीला अस्वल अशाच जाळीत पडून असतं आणि जाळीत समोरासमोर गाठ पडली तर दोघांनाही पळायला जागा नसते. काका काठीने खोडावर ठोकत, मोठ्याने बोलत पुढे जातात. आम्ही वळसा घेतो.

चालता चालता वनरक्षक स्वतःच्या कामाबद्दल सांगतो. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत तो बीटमध्ये ठरलेल्या रेषेवर चालतो. रेषेवर ठरावीक अंतरावर थांबून पंधरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळातली मुख्य झाडं, पाच मीटरमधली झुडपं, एक मीटरमधलं गवत आणि इतर छोट्या वनस्पती लिहितो; उपद्रवी तण किती आहे तेही लिहितो. "वाघाचं सगळे विचारतात मॅडम, ह्या कागदाचं कोणी विचारत नाही." मी त्याला सांगते की विचारलं आहे. भारतातल्या परक्या वनस्पतींचा आजवरचा सर्वांत मोठा नकाशा त्याच्यासारख्या वनरक्षकांनी भरलेल्या लाखो नोंदींवरून तयार झाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार देशाच्या सुमारे दोन तृतीयांश नैसर्गिक क्षेत्राला अशा वनस्पतींचा धोका आहे. तो मान हलवतो आणि विचारतो, "मग आमच्या बीटचं काय निघालं?" देशाच्या नकाशावर त्याचा बीट ठिपक्याएवढाही दिसत नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे चौकट टाकूनच मिळणार.

७.४५

झाडी विरळ होते आणि आम्ही मोकळ्या पठारावर येतो. इथे गाव होतं. मेळघाट हा व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. गाभा क्षेत्रातली काही गावं नंतरच्या काळात बाहेर वसवली गेली. बोरी, कोहा, कुंड ही त्यांतली सुरुवातीची. जिथे शेतं होती तिथे आता कुरणं आहेत, निदान व्हावीत अशी योजना आहे. गावाच्या खुणा शिल्लक आहेत: जोत्याचे दगड, आंब्याची आणि मोहाची मोठी झाडं, विहिरीचं कडं.

काका याच गावचे. त्यांचा नांगर जिथे चालायचा तिथे आमची तीन मोजणीक्षेत्रं आहेत. गाव हलण्याबद्दल ते कधी एक सांगतात, कधी दुसरं: नव्या जागी दवाखाना जवळ आहे, पोरं शाळेत गेली, पण मोह वेचायला एवढं लांब यावं लागतं, आणि तेही आता परवानगीने. मी यातलं काही मोजत नाही. पण मी जे मोजते ते त्यांच्या उठून गेलेल्या शेतात उभी राहून मोजते, हे विसरायला होत नाही.

खुणा शोधायला सुरुवात. प्रत्येक क्षेत्राच्या कोपऱ्यात लोखंडी सळई ठोकलेली आहे. जीपीएस झाडांखाली काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. एक मीटरच्या चौकटीला तेवढी चूक परवडत नाही. तीच जमीन दर वर्षी मोजली तरच बदल कळतो. सळई गवतात दिसत नाही. पाय सरकवत, तळव्याने चाचपत शोधायची. एक सळई रानडुकरांनी उकरून बाजूला फेकलेली सापडते. उरलेल्या तीन कोपऱ्यांवरून मापं काढून ती परत बसवतो.

९.००

पाणी निथळलं. पहिली चौकट पडते.

इथली रायमुनिया काढून तीन पावसाळे झाले. चौकटीत आधी नजरेने वाटणी करायची: गवत किती, इतर वनस्पती किती, पाचोळा किती, उघडी माती किती. मग प्रत्येक जातीचा वाटा. मी आणि विद्यार्थी वेगवेगळ्या तक्त्यांवर लिहितो, एकमेकांना न दाखवता. नंतर ताडून बघतो. पवना गवताला मी चाळीस टक्के दिले, त्याने पंचावन्न. दोघं पुन्हा बसतो, चौकटीवर दोरा ताणून तिचे भाग करतो, भाग मोजतो. डोळा असाच तयार होतो आणि तयार झाला तरी दर हंगामात पुन्हा घासावा लागतो.

गवत ओळखणं हे या कामातलं सर्वांत वेळखाऊ. फुलोरा आला की मारवेल बोटांसारख्या तुऱ्यावरून कळतं. कुसळी पिळदार, काळपट कुसळांवरून. तिखाडीचं पान चुरगळलं की वासच सांगतो. पवना आणि डोंगरी लांबून एकमेकांत मिसळतात. भिंग लावावं लागतं. जी ओळखू येत नाहीत त्यांना तात्पुरता क्रमांक देऊन मुळासकट एक काडी वर्तमानपत्रात.

शेजारच्या लांब पट्ट्यात लेंड्या आणि शेण शोधतो. सांबराच्या लेंड्या, गव्याचं शेण. रायमुनिया जनावरांना मानवत नाही. तिच्या पानांतल्या विषामुळे गुरांचं यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते. सांबर, गवे ती टाळतात, म्हणजे ती जितकी पसरेल तितकं त्यांचं ताट लहान. वाघाच्या जंगलात गवत मोजायचं कारण हेच. गवत खाणारं जनावर किती तगेल, हे या चौकटीत दिसायला लागतं.

१०.३०

पुढचं क्षेत्र दाट रायमुनियाचं. मुद्दाम ठेवलेलं. आत शिरायला वनमजूर विळ्याने वाट काढतो, पण चौकटीच्या जागी एक फांदीही तोडायची नाही.

"मॅडम, हे काहून सोडलं? एवढी काढली, ही एक जाळी काढाले किती वेळ लागते?" हा प्रश्न त्याने आधीही विचारला आहे आणि तो रास्त आहे. मी सांगते: यंदा पाऊस चांगला झाला. काढलेल्या जागी गवत वाढलेलं दिसलं, तर ते रायमुनिया गेल्यामुळे की पावसामुळे? न काढलेली जागाच ते सांगेल. इथेही गवत वाढलं असेल तर श्रेय पावसाचं; इथे काहीच नाही आणि तिथे आहे, तर आपल्या कामाचं. शेतीच्या प्रयोगात खत न घातलेला एक वाफा ठेवतात, हे त्याला माहीत आहे. "मग पाटी लावा," तो म्हणतो, "नाहीतर कोणीतरी येऊन साफ करून जाईल." हे अगदी खरं आहे. तुलनेसाठी राखलेली क्षेत्रं उत्साही सफाईत नाहीशी होण्याची भीती नेहमी असते. पाटीचं मी वहीत लिहून घेते.

या जाळीत एक नोंद अशीही जाते: फुलांवर फुलपाखरांची गर्दी आहे, बुलबुलं फळं खात आहेत, एका फांदीत घरटं आहे. रायमुनियाचा कोणालाच उपयोग नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. काहींना अन्न मिळतं, काहींना आडोसा, आसपासच्या गावांना सरपण. प्रश्न एवढाच, की तिने जी जागा घेतली तिथे पूर्वी कितीजणांचं भागत होतं.

११.३०

पठाराच्या टोकाला मजूर बायकांचं काम चालू आहे. बाहेरच्या गावातल्या दहाबारा जणी, दोन पुरुष. टिकास, कुदळ, सब्बल.

रायमुनिया नुसती कापली तर ती जोमाने फुटते: एका खोडाच्या जागी पाचसहा. जाळली तरी बुंध्यातून पुन्हा वर येते. फुटवा येतो तो खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीतून. दिल्ली विद्यापीठातले परिस्थितिकी अभ्यासक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीवर आधारलेली पद्धत मांडली. गाठीच्या खाली, जमिनीत तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उचलून उलटं ठेवायचं, म्हणजे ओल्या मातीला टेकून पुन्हा मूळ धरत नाही, वाळू द्यायचं. पूर्ण खणून काढण्यापेक्षा माती कमी उकरली जाते. उकरलेली माती म्हणजे नव्या तणाला आमंत्रण, म्हणून हे महत्त्वाचं.

पद्धत कागदावर दोन ओळींची आहे. हातात घेतली की कौशल्याची. एक मावशी टिकासाचा एकच घाव तिरका घालते, सब्बलीने किंचित उचकटते आणि झुडूप मोकळं. विद्यार्थ्याचा घाव वर बसतो, गाठ जमिनीतच राहते. "सर, ही फुटंल," मावशी हसत सांगते आणि पुन्हा खाली घाव घालून दाखवते. तिच्या हातांवर काट्यांचे ओरखडे आहेत. हातमोजे दिलेत, पण मोज्यात टिकास घट्ट धरता येत नाही म्हणते.

मी त्यांच्यामागून फिरून तोडलेली मुळं तपासते आणि किती घाव गाठीखाली बसले त्याची नोंद घेते. पुढच्या वर्षी इथे फुटवे दिसले तर ते चुकीच्या घावाचे की नव्या बियांचे, हे या नोंदीवरून कळेल. आणखी एक गोष्ट बघायची: फळं पिकलेली झुडपं ओढत नेली का? पिकलेली फळं ओढताना वाटभर सांडतात. काम पावसाळ्याच्या सुरुवातीला, फळ धरण्याआधी झालं असतं तर बरं. पण मजुरीचे पैसे आले तेव्हा सप्टेंबर उजाडला होता.

दुपारी १२.४५

आंब्याखाली जेवण. मावश्यांच्या डब्यात मक्याची भाकर आणि तरोट्याची सुकवून ठेवलेली भाजी. अदलाबदल होते.

शेजारच्या रायमुनियाची पानं फिकट, ठिपकेदार झालेली दिसतात. पान उलटून भिंगाखाली धरलं की जाळीदार पंखांचे काही मिलिमीटर लांबीचे ढेकूण दिसतात. विद्यार्थ्याला मी त्यांची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या विषयातल्या प्रत्येकाने ऐकायला हवी. रायमुनियाला तिच्या मूळ प्रदेशातले, म्हणजे अमेरिकेच्या उष्ण भागातले किडे आणून आवरता येईल ही कल्पना जुनी आहे. १९२१ मध्ये हवाईतून तिची फळं पोखरणारी माशी भारतात आणली गेली. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून हा ढेकूण आला. बंदिस्त चाचणीत तो सागाच्या फुलांवरही जगतो असं दिसलं, म्हणून साठा नष्ट करण्यात आला. तरीही तो बाहेर निसटला आणि देशभर पसरला.

मग साग गेला का? नाही, आजूबाजूला बघ. आणि रायमुनिया गेली का? तीही नाही. ढेकणाने पानं फिकी होतात, झुडूप काही काळ मलूल दिसतं आणि पुढच्या पावसात उभं राहतं. एकच किडा सगळ्या रायमुनियाला भारी पडत नाही. कारण बागांसाठी संकर करून करून तयार झालेले तिचे अनेक प्रकार आहेत. जैविक नियंत्रण फसतंच असं नाही. जलाशयांतल्या काही तणांवर भुंग्यांनी चांगलं काम केलं आहे. पण बाहेरून आणलेला जीव परत बोलावता येत नाही. रायमुनियाही शोभेचं झुडूप म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांच्या काळात इथे आली होती.

२.००

आजची सर्वांत अवघड चौकट. हे क्षेत्रही तीन पावसाळ्यांपूर्वी मोकळं केलेलं, सकाळच्या पहिल्या क्षेत्राएवढंच जुनं, पद्धत तीच, मजूर तेच. तिथे पवना आणि मारवेल. इथे कमरेइतका तरोटा आणि त्यात रानतुळस. गवत जेमतेम कडेला. तक्त्यावर हे दोन आकडे शेजारी ठेवले की सगळी सरासरी बिघडते. माती बघितली, उतार बघितला, सावली बघितली. फरक सापडत नव्हता.

काका चौकटीपाशी उकिडवे बसून ऐकत असतात. मग सहज म्हणतात, "इथं तं गावची ढोरं बसत होती. पूर्ण गावची. पावसाळ्यात शेणाचा चिखल गुडघ्यापर्यंत."

म्हणजे गोठाण. पिढ्यान्‌पिढ्या शेणमूत मुरलेली जमीन. इतक्या कसदार मातीत भराभर वाढणारं तण आधी उठतं आणि सावकाश बसणाऱ्या गवताला सावलीत टाकतं. पठारावरची ही एकच जागा अशी का, याला आता एक तपासण्याजोगं कारण मिळालं. मी मातीचा वेगळा नमुना घेते, नत्र आणि स्फुरद तपासायला. काकांना विचारून पठाराचा नकाशा वहीत काढते: गोठाण कुठे, खळं कुठे, चुलीची राख कुठे टाकायचे, कोणाचं शेत पडीक होतं, कोणतं सतत पेरलेलं. उपग्रहाच्या चित्रात यातलं काहीही नाही. तपासणीत काकांचं म्हणणं खरं ठरलं, तर मोकळ्या करायच्या जागांची यादी करतानाच जुन्या वापराची चौकशी करावी लागेल, आणि गोठाणासारख्या जागी रायमुनिया काढण्याआधीच गवताच्या बियांची तयारी ठेवावी लागेल.

तरोट्याबद्दल एक अडचण राहतेच. काही याद्यांत तो परका आहे, काहींत इथलाच. इथल्या माणसांसाठी तो पावसाळ्यातली भाजी आहे. मी तक्त्यात त्याला परक्यांत धरत नाही, वेगळा रकाना देते. कुरणाच्या दृष्टीने प्रश्न त्याच्या जन्मगावाचा नाही, तो गवताला जागा देतो की नाही याचा आहे.

३.१५

मोठ्या मोहाखाली. इथे चौकट नाही, टेप. बुंध्यापासून चार दिशांना टेप ताणायची आणि मीटरामीटरावर रायमुनियाची रोपं मोजायची. बुंध्याजवळ, फांद्यांच्या पसाऱ्याखाली रोपंच रोपं. पसारा संपला की विरळ. उघड्या गवतात जवळपास नाहीत. वर लालबुड्या बुलबुलांची ये-जा चालू आहे. पक्षी बाहेर फळं खातात, इथे येऊन बसतात आणि विष्ठेतून बी इथे पडतं.

जंगल कितीही साफ केलं तरी शेजारच्या डोंगरात रायमुनिया आहे तोवर बुलबुल बी आणत राहणार. ते थांबवता येत नाही. पण ते कुठे पडणार हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अख्खं पठार पुन्हा खणायची गरज नाही. पक्षी बसतात त्या झाडांखाली फिरायचं आणि हाताने उपटता येतील एवढी असतानाच रोपं काढायची. बाबूंच्या पद्धतीतही हा भाग आहेच. मूळ तोडण्याची छायाचित्रं सगळीकडे दिसतात, मोहाखालची ही कंटाळवाणी फेरी कोणाच्या छायाचित्रात नसते.

विद्यार्थी विचारतो, मग मोहच तोडला तर? काका त्याच्याकडे असं बघतात की उत्तर द्यावं लागत नाही.

४.१५

शेवटचं काम मातीचं. प्रत्येक क्षेत्रातून वरच्या थरातली माती पिशवीत. ती प्रयोगशाळेत ट्रेमध्ये पसरून ओली ठेवायची आणि काय उगवतं ते महिनोन्‌महिने मोजायचं. जमिनीत कोणाचं बी दबा धरून आहे याचा हा सर्वांत सरळ अंदाज. मातीत गवताचं बी शिल्लक असेल तर रायमुनिया काढणं पुरेसं. नसेल तर बी आणून पेरावं लागेल, तेही याच भागातल्या कुरणातलं. हा खर्च आधी कळलेला बरा.

पाच वाजण्याआधी निघायलाच हवं. संध्याकाळी जाळीतून चालायचं नाही, हा कुटीचा नियम आहे आणि त्यावर चर्चा होत नाही.

६.००

कुटीवर पुन्हा बूट घासणं. गोचीड तपासणं. मग दाबलेल्या वनस्पतींचे कागद बदलायचे. ओला कागद एक रात्र तसाच राहिला तर बुरशी येते आणि नमुना वाया जातो. सौर दिव्याच्या उजेडात, फुलोरा पसरून, पान उलटंसुलटं दिसेल असं मांडून, प्रत्येकावर क्रमांक, जागा, तारीख. सकाळच्या तात्पुरत्या क्रमांकांपैकी दोन गवतं ओळखू येतात. एक तसंच राहतं. ते जाणत्या अभ्यासकाकडे जाईल.

७.३०

आकडे संगणकात भरणं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं, मग उलटं ताडायचं. मोबाइलला इथे रेंज नाही, त्यामुळे अडथळाही नाही.

भरता भरता विद्यार्थी २०२० चा निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला यांचा अभ्यास काढतो. त्यांच्या हिशेबाने भारतातल्या वाघांच्या वावराच्या प्रदेशात रायमुनियाने १.५४ लाख चौरस किलोमीटरहून जास्त जंगल व्यापलं आहे. त्या प्रदेशातल्या एकूण जंगलाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक. तो थकलेल्या आवाजात विचारतो, "मॅडम, आपण चौरस मीटर मोजतोय."

पण सगळे १.५४ लाख चौरस किलोमीटर साफ करणं शक्य नाही, हे त्या आकड्यातच लिहिलेलं आहे. तेवढी माणसं नाहीत, पैसे नाहीत. म्हणून निवड करावी लागेल: कोणती जागा घेतली तर गवत परत येण्याची शक्यता जास्त, कुठे मातीत बी शिल्लक आहे, कुठे पाळत ठेवता येईल, कुठे हात लावून उपयोग नाही. समस्या केवढी ते नकाशा सांगतो. पैसे कुठे घालावेत ते चौकटीतून कळतं.

९.००

सगळे झोपले. मी वार्षिक अहवालाचा तक्ता उघडते. निधी देणाऱ्यांकडून आलेल्या या तक्त्यात रकाने चार: क्षेत्र, मजूर-दिवस, खर्च, मोकळे केलेले हेक्टर. चौथा आकडा मोठा दिसला की काम चांगलं, आणि तो मोठा करायचा सोपा मार्ग म्हणजे दर वर्षी नवी जागा घेणं. जुन्या जागी मोहाखाली फेरी मारली तर हेक्टर वाढत नाहीत, मजुरी मात्र लागते. ती कुठे लिहायची, याला रकाना नाही.

मी पुरवणी जोडते. प्रत्येक जागेसमोर: पहिल्या वर्षी काय उगवलं, तिसऱ्या वर्षी काय टिकलं, पूर्वी ती जमीन कशासाठी वापरात होती आणि हे कोणाकडून कळलं. शिफारस तीन ओळींची. पुढच्या हंगामात नवी जागा निम्मी घ्या. उरलेली मजुरी पुढची तीन वर्षं जुन्या जागी पक्षी बसतात त्या झाडांखालची रोपं उपटायला राखून ठेवा. आणि मजुरीचे पैसे जूनमध्ये द्या.

निम्मी जागा घेतली तर चौथा रकाना लहान दिसेल आणि त्यावर विचारणा होईल. त्या बैठकीसाठी मी पुरवणीत एक आकडा ठळक केला आहे: तीन पावसाळ्यांनंतरही गवताखाली असलेलं क्षेत्र. तो आजच्या घडीला चौथ्या रकान्यापेक्षा बराच लहान आहे, आणि खर्चाचा भागाकार त्याच आकड्याने करायला हवा.